राजघराण्यांची ओढ आणि राजघराण्यांचा राग : सातारा-सांगलीकरांनो, तुमचं काय?

पोवईनाका
राजघराण्याचा विषय निघाला की आपल्याकडे माणसं ताबडतोब दोन बाजूंना वाटली जातात. एकीकडे "महाराज ते महाराज" म्हणणारे, दुसरीकडे "लोकशाहीत कसले राजे?" म्हणून विषय झटकणारे. आमच्या घरातही हेच आहे. आजी गादीचा उल्लेख एकेरीत करू देत नाही, आणि धाकटे काका 'श्रीमंत' हा शब्द पत्रिकेत छापलेला दिसला तरी चिडतात. दोघांचंही म्हणणं मी मनापासून ऐकत आलोय आणि मला वाटतं, साताऱ्याचा इतिहास नीट पाहिला तर या दोघांनाही काहीतरी नवीन सापडेल.

आपल्याला वाटतं की सत्ता नसलेला, नुसत्या मानाचा राजा ही इंग्लंडची गोष्ट आहे. पण साताऱ्यानं तो अठराव्या शतकातच पाहिला. १७४९ च्या डिसेंबरात थोरले शाहू महाराज गेले. पुढच्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभार पुरता पुण्याला, पेशव्यांकडे गेला. गादीवर होते रामराजे. ताराबाईंनी आधी त्यांना स्वतःचा नातू म्हणून पुढे आणलं, मग तोतया ठरवलं आणि साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवलं. म्हणजे राजाच्या रक्ताबद्दलच जाहीर शंका घेतली गेली होती. फौज त्याच्या हातात नाही, खजिना नाही, किल्ल्याखाली उतरायची मोकळीक नाही. तरीही पेशवाईची वस्त्रं, म्हणजे पेशव्याच्या नेमणुकीचा मानाचा पोशाख, साताऱ्याहूनच यावी लागत. थोरल्या माधवरावांना ती इथूनच आली, राघोबादादांना इथूनच, दुसऱ्या बाजीरावालाही इथूनच.

का लागत होती ती वस्त्रं? मला सुचणारं उत्तर असं. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले हे सगळे आपापल्या जागी बलाढ्य. पेशव्यानं त्यांना हुकूम सोडायचा तर "तू कोण?" या प्रश्नाला उत्तर हवं. ते उत्तर तलवारीनं देता येत नव्हतं, कारण तलवार प्रत्येकाकडे होती. सगळ्यांच्या वरची, पण कुणाच्याही आड न येणारी एक जागा सगळ्यांनाच सोयीची होती. आजही मला राजघराण्यांच्या ओढीत हे दिसतं. लोकांना राज्य करणारा राजा नको असतो. भांडणाच्या बाहेरची एक जागा हवी असते आणि त्या जागेवर कुणीतरी बसलेलं हवं असतं.

आणि म्हणूनच साताऱ्याचा मतदार बाहेरच्यांना कोड्यात टाकतो. दसऱ्याला भवानी तलवारीची मिरवणूक जलमंदिराहून पोवई नाक्याला येते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नाही. पण २०१९ च्या ऑक्टोबरात, लोकसभेच्या पोटनिवडणुकीत, याच साताऱ्यानं याच राजघराण्यातल्या उदयनराजेंना पाडून श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. २०२४ ला पुन्हा उदयनराजेंना दिल्लीला पाठवलं. यात मला विसंगती दिसत नाही. मान एका हिशेबात धरला जातो, मत दुसऱ्या.

तुम्हाला काय वाटतं? फक्त सध्याच्या पक्षांच्या भांडणावर धागा नेऊ नका, एवढी विनंती.

हळदबाजार
रुमाल टाकून ठेवतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. रात्री निवांत लिहितो.

आयर्विनपूल
दादा, साताऱ्याचं तुम्ही छान मांडलंत, पण सांगलीत हे असं नाही, ते सांगायला हवं.

आमचे पटवर्धन हे पेशव्यांचे सरदार. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली उभी केली. त्याआधी सांगली हे कृष्णेकाठचं लहानसं गाव होतं. म्हणजे आमच्याकडे राजा आधी आणि शहर नंतर. त्यामुळे सांगलीकराचं राजघराण्याशी नातं बघायचं तर वंशावळ उघडू नका, गाव फिरा. गणपती मंदिर त्यांचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा खेळ केला तो त्यांच्याच आश्रयानं, म्हणून ५ नोव्हेंबरला अख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. १९२९ चा आयर्विन पूल संस्थानच्याच काळातला. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की आजही जो तो एकच विचारतो, "आयर्विनला किती फूट?"

पण मुजरा वगैरे आमच्या अंगात नाही. संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं, तेव्हा सगळं गाव रस्त्यावर येतं. ते गणपतीसाठी येतं आणि आपल्या गावाची रीत म्हणून येतं. राजेसाहेब दिसले तर लोक आदरानं नमस्कार करतात, पुढे जातात.

या फरकामागे जात आहे, हेही स्पष्ट बोलू. साताऱ्याच्या गादीत बहुजन समाजाला स्वतःचा अभिमान दिसतो, शिवछत्रपतींचं रक्त दिसतं. पटवर्धनांच्या वाड्यात तो दिसणं शक्य नव्हतं. म्हणून "लोकांना राजघराण्याची ओढ असते" असं सरसकट म्हणता येत नाही. ज्या घराण्यात आपण स्वतःला पाहू शकतो, त्याचीच ओढ असते. बाकीची घराणी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली वाटतात.

कोयनाकाठ
+१. शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. यावर कुणी उघड बोलत नाही.

हळदबाजार
आलो. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझे पणजोबा संस्थानी मुलखातले कूळ. घरात राजाच्या गोष्टी ऐकल्या त्या वेठीच्या. साहेब शिकारीला येणार म्हणून रान उठवायला चला, पालखी-गाडी जाणार म्हणून रस्ता झाडायला चला, आणि पेरणीचे दिवस असले तरी चला. मजुरी मागायची सोय नाही. ही आठवण असलेल्या घरात राजघराण्याबद्दल ओढ कुठून येणार? पोवईनाका म्हणतात ती 'भांडणाच्या बाहेरची जागा' गढीवरून तशी दिसत असेल. गढीखालच्या माणसाला तिथून हुकूमच यायचा.

दुसरं. १८१८ नंतरचे आपले बहुतेक संस्थानिक इंग्रजांच्या संरक्षणाखाली होते. पूर्वीच्या राजाला निदान एक धाक होता. रयत गाव सोडून परागंदा होईल, सरदार उलटतील, शेजारी चालून येईल. इंग्रजांनी तो सगळा धाक काढून घेतला. बंड झालं तर पलटण रेसिडेंटची, म्हणजे दरबारावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याची. मग राजाला रयतेची गरज उरली ती फक्त साऱ्यापुरती. याच काळातले वाडे, दरबार, फेटे, तलवारी आज आपण 'राजेशाही थाट' म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये उभे करतो. तो थाट ज्या काळात सर्वात जास्त वाढला, त्या काळात राजाच्या हातात स्वतःचं असं सर्वात कमी होतं. याचं मला खरोखर दुःख होतं, कारण लोक त्यालाच शिवकाळ समजतात.

तिसरं, तनखे. स्वातंत्र्यानंतर विलीनीकरणाच्या बदल्यात संस्थानिकांना तनखे मिळाले. वचन होतं, राज्यघटनेत लिहिलेलं होतं, हे मान्य. पण ज्या देशात दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती, तिथे जन्मावर पगार देणं किती दिवस चालणार होतं? गृहमंत्री म्हणून संस्थानिकांशी वाटाघाटी करायला बसले ते आपले यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्र्यासारख्या गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला माणूस राजे-महाराजांना सांगतो की आता हे थांबवायला हवं. मला हा प्रसंग कुठल्याही राज्याभिषेकापेक्षा मोठा वाटतो. १९७० मध्ये घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली आणि राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकानं पडली. मग राष्ट्रपतींच्या आदेशानं मान्यता काढली, ती सर्वोच्च न्यायालयानं त्याच डिसेंबरात रद्द ठरवली. शेवटी १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखे, पदव्या, विशेषाधिकार सगळं संपलं.

कागदावर संपलं, असं म्हणतो. कारण मान शिल्लक राहिला आणि मानाचं भांडवल होतं. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, दूधसंघ, आमदारकी. आणि हे फक्त जुन्या राजघराण्यांपुरतं नाही. सांगली-साताऱ्यात ज्यांच्या आजोबांनी सहकार उभा केला, त्यांची नातवंडंसुद्धा आज तशीच वागवली जातात. तेच हार, तेच बॅनर, वाढदिवसाला तीच रांग. राजे गेले, पण राजा मानायची आपली सवय गेली नाही. माझा राग त्या सवयीवर आहे, कुठल्या एका घराण्यावर नाही.

राजवाडा_चौपाटी
हळदबाजार, तुमच्या म्हणण्यात एक भर.

साताऱ्याच्या राजवाड्यात जी शाळा भरायची, तिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक १९१४. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. माझ्या समाजातली माणसं राजवाडा बघायला येतात, ती याच दिवसासाठी येतात. दरबार कुठे भरायचा हे ती विचारत नाहीत, वर्ग कुठे होता हे विचारतात. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळं बसावं लागलं होतं. त्यानंच पुढे घटना लिहिण्याचं काम केलं, आणि त्या घटनेच्या अठराव्या कलमानं पदव्या बंद केल्या.

मला राजवाडा पाडावा असं कधी वाटलं नाही. तो नीट राखला जावा असं फार वाटतं, कारण तो आमचाही आहे.

माणदेशी_गडी
समद्यांचं वाचलं. लई भारी चाललंय. पण औंधाचं नाव कुणीच काढंना, म्हणून लिवतोय.

आमचं आटपाडी औंध संस्थानात. संस्थान म्हंजे बहात्तर गावं, ती बी तुकड्या-तुकड्यांत, आज काही साताऱ्यात तर काही सांगलीत. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कार घराघरांत पोचवला तो त्यांनी. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याला जागा दिली ती याच राजानं, कुंडल रोडच्या माळावर. त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. तिथं तेव्हा निवडुंगाबिगर काय उगवत नव्हतं.

पण खरी गोष्ट फुडंच हाय. १९३८ मध्ये राजानं जाहीर केलं की सत्ता रयतेच्या हाती देतो. गांधीजींचा सल्ला घेतला, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर मदतीला, अन् चिरंजीव अप्पासाहेब पंत राबणारे. जानेवारी १९३९ मध्ये औंधाचं स्वराज्य संविधान लागू झालं. गावोगाव निवडलेल्या पंचायती. देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आठ वर्षं आधी, आमच्या दुष्काळी माणदेशात! त्याच वक्ताला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी बिनभिंतीच्या वसाहतीत, बायकापोरांसकट शेती करणार. आज बी ती वसाहत हाय.

अन् ४२ नंतर पत्री सरकार, म्हंजे इंग्रजांना न जुमानणारं रयतेचं सरकार, उभं राहिलं, तवा कुंडल औंध संस्थानात म्हणून क्रांतिकारकांना आडोसा मिळाला. नाना पाटलांच्या माणसांना इंग्रजी हद्दीतनं संस्थानी हद्दीत सटकता यायचं.

आता हळदबाजार, तुमी म्हणता ते वेठीचं खरं हाय. पण आमच्याकडची म्हातारी माणसं पंतांचं नाव घेताना हात जोडायची, ते भ्याऊन नव्हतं. सत्ता हातात असताना सोडणारा माणूस त्यांनी डोळ्यांनी बघितला होता.

हळदबाजार
माणदेशी, औंधापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. स्वतंत्रपूरबद्दल तर आणखी लिहा.

पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. औंधाला चांगला राजा मिळाला, हे औंधाचं नशीब. शेजारच्या संस्थानाला तसा मिळाला नाही तर तिथल्या माणसानं काय करायचं? एकाच्या चांगुलपणावर लाख माणसांचं आयुष्य टांगून ठेवणं हाच त्या व्यवस्थेतला दोष.

माणदेशी_गडी
आवो, म्हणूनच तर त्यांनी कागदावर घटना लिवून दिली! आपल्यामागं येणारा कसा निघंल ते ठावं नाय, हे राजालाच कळलं हुतं. तुमी जे म्हणताय तेच ते म्हणत हुते, फकस्त गादीवर बसून.

साताऱ्याची_लेस्टरात
मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. इथलं थोडं लिहिते, कारण धाग्याच्या पहिल्याच लेखात इंग्लंडचा उल्लेख आलाय.

८ सप्टेंबर २०२२ ला राणी एलिझाबेथ गेल्या. सत्तर वर्षं गादीवर. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती आणि थेम्सच्या काठानं मैलोगणती रांग. माझ्या हॉस्पिटलमधल्या सहकारी, एरवी राजकारणावर अवाक्षर न बोलणाऱ्या, रात्रभर त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझी आई, माझं लग्न, माझी मुलं, सगळ्या काळात त्या होत्या." मला वाटतं त्या रांगेतल्या पुष्कळ जणांनी स्वतःच्या गेलेल्या माणसांनाही तिथेच निरोप दिला.

दुसरी बाजूही इथे तितकीच जिवंत आहे. मे २०२३ मध्ये चार्ल्स राजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा 'आमचा राजा नाही' असे पिवळे फलक घेऊन लोक ट्राफल्गर चौकात उभे होते. त्यांच्यातल्या काहींना पोलिसांनी समारंभ सुरू होण्याआधीच अटक केली, त्यावर मोठं वादळ झालं. त्यांचं म्हणणं हळदबाजार यांच्यासारखंच आहे: जन्मावर पद का? सरकारी अनुदान किती, राजाची खासगी मिळकत किती, वारसा कर का नाही, हे प्रश्न ते अतिशय अभ्यासानं मांडतात. त्यांना नुसते कुचकट म्हणणं अन्यायाचं होईल.

पण मला बायकांबद्दल बोलायचंय. १९९७ मध्ये डायना गेल्या तेव्हा मी साताऱ्यातच होते. आमच्या गल्लीतल्या, इंग्रजीचा एक शब्द न येणाऱ्या बायका टीव्हीसमोर बसून रडल्या होत्या. तेव्हा घरातले पुरुष हसले. आज मला त्या बायकांचं पूर्ण पटतं. त्यांना राजकन्या दिसतच नव्हती. त्यांना मोठ्या घरात दिलेली मुलगी दिसत होती. विशीत लग्न, नवऱ्याचं मन दुसरीकडे, सासूपुढे बोलायची सोय नाही, माहेरी परत जायचं तर लोक काय म्हणतील. हे सगळं त्यांना घरचं माहीत होतं. फक्त हे पहिल्यांदाच सगळ्या जगासमोर कुणीतरी बोललं होतं.

आपल्याकडच्या राण्यांकडेही मी अशीच बघते. फलटणच्या निंबाळकरांची लेक सईबाई. मोगलांच्या कैदेत जवळजवळ तीस वर्षं काढून १७१९ मध्ये साताऱ्याला परतलेल्या येसूबाई. नवऱ्याला मारलेलं, मुलगा आधी सुटून राजा झालेला, आणि आई दिल्लीत ओलीस. माहुलीला गेले की मला हेच आठवतं. आपण पुतळे उभारतो ते घोड्यावरचे. वाट बघणाऱ्या बाईचं काय?

राजघराण्यातल्या बायकांचं आयुष्य उघड्यावर असतं म्हणून लोक ते बघतात, आणि बघताना स्वतःचं मोजतात. याला नुसती उथळ उत्सुकता म्हणू नका. जपानच्या राजघराण्यात आजही मुलगी गादीवर बसू शकत नाही. सध्याच्या सम्राटांना एकच अपत्य आहे, मुलगी, म्हणून वारसा आधी भावाकडे आणि मग पुतण्याकडे जाणार. जपानी बायका त्यावर इतक्या तळमळीनं वाद घालतात तो राजकुमारीसाठी जितका, तितकाच स्वतःसाठी असणार.

कोयनाकाठ
ताई, "मोठ्या घरात दिलेली मुलगी" हे वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, अगदी बरोबर लिहिलंय.

आयर्विनपूल
लेस्टरताईंच्या मुद्द्यावर एक शंका. नेपाळमध्ये २००१ च्या जूनमध्ये राजा-राणीसह राजघराण्यातली बरीच माणसं राजवाड्यातच मारली गेली आणि २००८ ला राजेशाहीच संपली. तिथे राजाला विष्णूचा अवतार मानत होते. एवढी श्रद्धा असूनही सात वर्षांत सगळं गेलं. म्हणजे ओढ किती खोल आहे यावर घराणं टिकत नाही. मग कशावर टिकतं?

पोवईनाका
आयर्विनदादा, यावर माझं उत्तर साताऱ्यातूनच देतो, कारण मला तेच सगळ्यात जवळचं आहे.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं, १८१९ ला तह केला. तरुण राजा. रोजनिशी लिहिणारा, शाळा काढणारा, कारभार शिकून घेतलेला. पुढे तहाचा अर्थ काय यावरून मुंबई सरकारशी खटके उडाले आणि कटाचे आरोप आले. १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आरोप कबूल करून सही करा, गादी राहील. महाराजांनी नकार दिला. गादी गेली, काशीला पाठवलं, आणि १८४७ मध्ये तिथेच वारले. भाऊ शहाजीराजे गादीवर बसले होते, ते १८४८ ला गेले, दत्तक नामंजूर झाला आणि डलहौसीनं खालसा केलेलं पहिलं राज्य ठरलं ते आपलं सातारा.

या राजासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. चौदाच्या आसपास वर्षं तिथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत, पार्लमेंटच्या सभासदांपुढे, छापील पत्रकांतून एकच प्रश्न विचारत राहिले: तह केलात, तो पाळणार की नाही? जॉर्ज थॉम्पसनसारखा, गुलामगिरीविरुद्ध लढलेला माणूस त्यांच्या बाजूनं उभा राहिला. यश आलं नाही. रंगो बापूजी परत आले, १८५७ च्या उठावाच्या तयारीत पडले आणि नंतर कुणाच्या हाती लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात गेंडामाळावर इतर क्रांतिकारकांबरोबर मारला गेला.

हळदबाजार, तुमच्या पणजोबांची वेठ मी नाकारत नाही. ती साताऱ्यातही होती. पण रंगो बापूजींच्या निष्ठेला सवय म्हणता येईल का? एका सहीसाठी गादी सोडणारा राजा त्यांनी पाहिला होता. माणदेशींच्या म्हाताऱ्या माणसांनी सत्ता सोडणारा राजा पाहिला. टिकतं ते यावर, असं मला वाटतं. ज्या घराण्यानं कधीतरी काहीतरी गमावून दाखवलं, त्याची आठवण लोक जपतात.

हळदबाजार
पोवईनाका, रंगो बापूजींपुढे माझा काही वाद नाही. पण बघा, या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो रंगो बापूजीच. राजा काशीला गेला, मुलगा गेंडामाळावर गेला तो त्यांचा. साताऱ्यात वाढदिवसाचे जितके बॅनर लागतात, त्यातला एक तरी त्यांच्या नावाचा असतो का?

राजवाडा_चौपाटी
साताऱ्यात 'चार भिंती' नावाची जागा आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे. संध्याकाळी फिरायला येणारे खूप असतात, पाटी वाचणारे कमी. आमच्या शाळेच्या मुलांना मी दरवर्षी तिथे नेते आणि आधी रंगो बापूजींचं सांगते, मग राजाचं. मुलं पहिला प्रश्न विचारतात तो असा, "बाई, ते लंडनला राहिले तेव्हा पैसे कोण पाठवायचं?" यावर कुणाकडे नीट माहिती असेल तर इथे लिहा, मला वर्गात लागेल.